शून्य युनिटांची नगरसुंदरी

मीटरकाकांना राग यायला एरवीही फारसं कारण लागत नसे. त्या सोमवारी मात्र कारण स्वतःच गाडीत बसून आलं आणि काच खाली करून त्यांच्यासमोर थांबलं.

काका त्या वेळी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर होते. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य गुडघ्यांवरच जातं. लोखंडी झाकण उचलायचं, आतल्या बेडकाला जरा सरकायची विनंती करायची, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा वाचायचा, कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहायचा आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा गुडघे टेकायचे. अकराशे चाळीस मीटर, चौतीस वर्षं. "तुझ्या पँटचे गुडघे जन्मतःच म्हातारे असतात," असं त्यांची ताई म्हणायची.

पण त्या गुडघ्यांच्या जोरावर काकांना गाव माहीत होतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे बाळ झालंय, कुणाचा मुलगा शिकायला बाहेर गेला आणि कोण नवरा-बायको भांडून वेगवेगळ्या वेळी अंघोळ करतात, हे सगळं त्यांना आकड्यांत दिसायचं. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही, यावर त्यांची फार श्रद्धा होती. ही श्रद्धाच पुढे त्यांच्या अंगाशी आली, पण ते नंतर.

"काका, जरा ऐकता का? नगरपालिकेचा हॉल कुठे आला?"

काकांनी वर पाहिलं. गाडीत एक मुलगी होती. चेहरा ओळखीचा. ओळखीचा म्हणजे किती? गावातल्या फर्निचरच्या दुकानावर वर्षभर हा चेहरा डबलबेडवर आडवा पडून सगळ्या गावाकडे हसत होता. ही नगरसुंदरी होती. याच गावची आणि चालू वर्षाची. आणि ती काकांना जो हॉल विचारत होती, त्या हॉलचं घड्याळ तिच्या गाडीच्या टपावरून दिसत होतं.

तळपायाची आग मस्तकात जायला काकांना एरवी अर्धा मिनिट लागे. त्या दिवशी गुडघेच जमिनीला टेकलेले असल्यामुळे अंतर कमी पडलं.

"कुठून आलात?" काकांनी विचारलं.

तिने मोठ्या शहराचं नाव सांगितलं. गाडीने तीन तास.

"आणि राहता कुठे?"

"तिथेच. आज मुकुट परत द्यायचाय ना, म्हणून आले. येत्या रविवारी नवीन स्पर्धा आहे."

"बरं. हे समोरचं घर ओळखता?"

तिने काचेतून वाकून पाहिलं. कुलूप गंजलेलं, फाटकावर वेल चढलेली, पत्रपेटीत चिमण्यांनी संसार थाटलेला. "नाही हो. कुणाचं आहे?"

"तुमचं," काका म्हणाले.

आता यात काका काही चावटपणा करत नव्हते. स्पर्धेच्या फॉर्मवर मुलीने राहता पत्ता लिहायचा असतो. या मुलीच्या फॉर्मवर याच घराचा नंबर होता. घर तिच्या आत्याचं. आत्या दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला गेली, त्या दिवसापासून त्या मीटरचा आकडा चारशे बारावर जो बसला तो उठायला तयार नव्हता. दर महिन्याला काका गुडघे टेकत, काच पुसत आणि वहीत लिहीत: वापर शून्य.

काकांनी झाकण लावलं, वही काखेत मारली आणि न विचारता गाडीचं दार उघडून आत बसले.

"चला. दाखवतो हॉल. आधी डावीकडे घ्या."

हॉल उजवीकडे होता.

आता मुकुट डोक्यावर ठेवून वर्षभर हसत राहणं हे काही फार मोठं काम नव्हे, असं कुणालाही वाटेल. दुसऱ्या गावात ते तसं असेलही. या गावात नगरसुंदरीला काम असे. स्पर्धा सुरू झाली तेव्हा पत्र्याची नरसाळी आणि डबे करणाऱ्या एका कारागिराने पहिला मुकुट पत्र्याचाच करून दिला, काचेचे खडे लावून. तो डोक्याला टोचे. पण तो घालून मुलगी साहेबांच्या दाराशी उभी राहिली की साहेबांना तिला "उद्या या" म्हणता येईना. मग पद्धतच पडली. निवडून आलेल्या मुलीने आठ दिवसांच्या आत गावात राहणाऱ्या सगळ्या जुन्या सुंदऱ्यांकडे चहाला जायचं. त्यांच्यातली जी सगळ्यात जुनी असेल तिने एक काम सांगायचं. आणि नव्या मुलीने ते काम होईपर्यंत नगरपालिकेचं डोकं खायचं. बस थांब्यावरचा दिवा असाच आला. शाळेमागच्या नाल्यावरचा कठडाही असाच. त्या दिव्याला गावात अजून 'ताईचा दिवा' म्हणतात, कारण तो मीटरकाकांच्या ताईने आणला. ती तिसऱ्या वर्षाची नगरसुंदरी. तिने सलग एकोणचाळीस दिवस साहेबांच्या दाराशी उभं राहून तो दिवा मिळवला होता, आणि चाळिसाव्या दिवशी दिव्याखाली उभी राहून साहेबांना विचारलं होतं, "साहेब, तुमचं तोंड एवढं उतरलेलं आहे, की हा प्रकाशच तसा आहे?"

गावात राहिलेल्या सुंदऱ्यांत आता ताईच सगळ्यात जुनी. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना चालू लागला, पण हात मुठीसारखा मिटून बसला. जीभ मात्र शाबूत राहिली. "देवाने जे सगळ्यात जास्त वापरलं जातं तेवढंच ठेवलं," असं काका म्हणायचे. हाताला व्यायाम द्यायची सोय सरकारी दवाखान्यात होती आणि दवाखान्याला पुढे अकरा पायऱ्या होत्या. काका आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ताईला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून उचलून नेत. एकदा सातव्या पायरीवर ड्रायव्हरचा पाय घसरला, खुर्ची कलली, ताई वाचली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाळ्या, मी सोफा नाही. मला असं वर चढवू नका." त्यानंतर ती दवाखान्यात गेली नाही. दवाखान्यातली बाई सांगून गेली होती की पहिली दोन वर्षं महत्त्वाची, मग हात आहे तसाच राहतो.

म्हणून ताईचं काम ठरलेलं होतं. पायऱ्यांच्या बाजूने एक उतार. सिमेंटचा, खुर्ची ढकलता येईल असा. नवी सुंदरी चहाला आली की ते सांगायचं. मागच्या वर्षी निकाल लागल्यावर ताई आठ दिवस संध्याकाळी चांगला झगा घालून, पावडर लावून बसली. मग आठाचे पंधरा झाले. मग फक्त रविवारी बसू लागली. रविवारी पार्लरमधली एक मुलगी येऊन तिचे केस विंचरून द्यायची, पैसे घ्यायची नाही. ताईने तिचं नाव ठेवलं होतं फणी. कालव्याकडून कुठूनतरी यायची, विंचरायची, दोघी मिळून अख्ख्या गावाची टवाळी करायच्या आणि ती जायची. वर्ष गेलं. चहाला कुणी आलं नाही.

गाडी ताईच्या दाराशी थांबली.

"हा हॉल?" मुलीने विचारलं.

"हा पहिला चहा," काका म्हणाले. "अकरा महिने तीन आठवडे उशीर झालाय, फार नाही."

ताईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. काकांना वाटलं, आता ताई हिची सालटी काढणार. ते दाराला टेकून ऐकायला सज्ज झाले. पण ताई म्हणाली, "बस गं. दमलीस का? तीन तास म्हणजे काही थोडे नाहीत."

मुलगी बसली आणि ताईच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिली. तिला चहाची पद्धत कुणी सांगितलीच नव्हती. दिव्याची गोष्ट माहीत नव्हती. तिचा आवाज बारीक झाला. "मी तर म्हटलं होतं हो, मी इथे राहत नाही, चालेल का? अध्यक्षच म्हणाले, आत्याचा पत्ता टाक. आमच्या पोस्टरला चेहरा हवाय, पत्त्याकडे कोण बघतंय. वर्षात दोनदा बोलावलं मला. एकदा पलंगासाठी, एकदा सोफ्यासाठी."

स्पर्धासमितीचे अध्यक्ष म्हणजे फर्निचरच्या दुकानाचे मालक. काकांच्या कपाळाची शीर उडू लागली.

"पोरीला रागावू नकोस, बाळ्या," मुलगी गेल्यावर ताई म्हणाली. "तिने विचारलं तरी. तू रागव, पण नीट नेम धरून रागव."

काकांनी नेम धरला. गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये समितीची बैठक होती, गावकऱ्यांना खुली. एरवी अशा बैठकीला समितीचे पाच जण आणि पंखा एवढेच हजर असत. या वेळी हॉल भरला, कारण काका तीन दिवस प्रत्येक मीटरवर झाकण आपटत सांगत फिरले होते.

अध्यक्षांनी बोलायला सुरुवात करताच काका उभे राहिले आणि त्यांनी वही उघडली.

"घर नंबर दोनशे सात. मागच्या वर्षीच्या नगरसुंदरीचा राहता पत्ता. पहिला महिना, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य."

"काका, मुद्द्याचं बोला."

"मुद्दाच वाचतोय. चौथा, शून्य." सातव्या महिन्यापर्यंत मागच्या बाकांवरून लोक काकांच्या सुरात सूर मिसळून 'शून्य' म्हणू लागले होते. बारा महिने झाले तेव्हा काकांनी वही मिटली. "ज्या घरात वर्षभर कुणी तोंड धुतलं नाही, त्या घरची मुलगी गावात सगळ्यात सुंदर निघते. मग आम्ही रोज धुतो ते कशाला?"

हशा पिकला. अध्यक्षांनी तो संपू दिला आणि मग दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाले, "सौंदर्याला पत्ता नसतो, काका."

"मग फॉर्मवर पत्त्याची ओळ कशाला ठेवलीत? तिथे पलंगाची किंमत छापा!" काकांचा आवाज चढला. "तुम्हाला चेहरा हवा होता, तो मिळाला. माझ्या ताईला उतार हवा होता. ती बसली वर्षभर पावडर लावून. तिचा हात उघडायचा तो मिटून गेला. त्या हाताची जाहिरात करा ना तुमच्या दुकानावर!"

यावर कुणी हसलं नाही. समितीच्या चिटणीस म्हणजे शाळेतल्या निवृत्त ड्रॉइंगच्या बाई. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला. नियम तिथेच लिहिला गेला: स्पर्धक मुलगी गावात राहणारी हवी, आणि राहते याचा पुरावा म्हणजे तिच्या घरच्या पाण्याच्या मीटरवर मागचे बारा महिने वापर असल्याचा मीटरवाचकाच्या सहीचा दाखला. टाळ्या पडल्या. चौतीस वर्षांत काकांसाठी पहिल्यांदा टाळ्या वाजत होत्या. घरी जाताना ते ताईच्या दिव्याखाली उगीचच थोडा वेळ थांबले.

शुक्रवारी बाईंनी दहा फॉर्म पाठवले. काका जेवणाच्या टेबलावर वही आणि फॉर्म मांडून बसले. डेंटिस्टची मुलगी, वापर भरपूर. बेकरीतली मुलगी, वापर पुरेसा. वकिलांची पुतणी, जरा जास्तच वापर, केस लांब असावेत. असे नऊ झाले. दहावा फॉर्म उचलला. मीटर नंबरची जागा कोरी. पत्ता: कालव्यापलीकडची गल्ली. व्यवसाय: पार्लरमध्ये केस कापणे, विंचरणे. फोटोत फणी हसत होती.

काका त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. कालव्यापलीकडच्या गल्लीत मीटर नव्हती. घरोघरी नळच नव्हते तर मीटर कुठून असणार? गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता. अकराशे चाळीस मीटरच्या फेरीत ती गल्ली कधी आलीच नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "आपली फणी कुठे राहते, तुला माहीत होतं?"

"अर्थात. सहा नंबरची खोली. आई, आजी आणि दोन भाऊ. का?"

काकांनी कारण सांगितलं.

"दीड वर्ष ती पोरगी माझ्या डोक्याला तेल लावते," ताई म्हणाली, "तू समोर बसून चहा ढोसतोस. आणि तू तिला एकदाही घर विचारलं नाहीस? गावच्या बेडकांची खबर असते तुला!"

"अगं, पण तिथे मीटर—"

"मीटर, मीटर! तुला डोळे दिलेत की काच? ती कशाला उभी राहतेय माहीत आहे? मुकुटाची हौस नाही तिला. मला म्हणाली, मावशी, मुकुट घातला की साहेब दार उघडतात, बाकी वेळी मला दारवानच हाकलतो. माझ्या उताराकरता उभी राहतेय ती, आणि माझाच भाऊ तिला गावाबाहेर काढतोय!"

काका उठले आणि तडक फर्निचरच्या दुकानात गेले. अध्यक्ष एका आरामखुर्चीत बसून गिऱ्हाइकाला आराम करून दाखवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. पॉलिश मारल्यासारखं, सगळीकडे सारखं.

"नियम तुमचा, काका. टाळ्या तुम्हाला पडल्या. मीटर नाही म्हणजे वापर नाही, वापर नाही म्हणजे राहणं नाही. आम्ही काय करणार? आता शून्य लिहून टाका, दुसरं काय."

काकांना संताप आला, पण या संतापाला नेहमीसारखी मोकळी वाट मिळेना, कारण निम्मा त्यांचा स्वतःवर होता.

शनिवारी पहाटे उजाडताच काका कालव्याकडे निघाले. कालव्यावर दोन पूल होते. पहिल्यावरून पलीकडे गेले तर लाकडाची वखार लागली. परत आले. दुसऱ्या पुलावर एक बाई दोन कॅन घेऊन चालली होती. काकांना तिला विचारावंच लागलं.

"बाई, नळाची गल्ली कुठे आली?"

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गावात नवीन दिसताय," ती म्हणाली. "या माझ्या मागून."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षं. गाडीतल्या मुलीला निदान घड्याळ दिसत नव्हतं असं म्हणता आलं असतं.

नळाशी चाळीसेक माणसांची रांग होती. फणी नवव्या नंबरवर, केसांना फडकं बांधलेलं, दोन्ही हातांत बादल्या. "काका! तुम्ही इकडे कुठे? वाट चुकलात?"

"चुकलो होतो," काका म्हणाले. "तू किती बादल्या नेतेस?"

"कशाला?"

"दाखल्यासाठी. तू इथे राहतेस याचा."

फणीचा चेहरा बदलला. बादल्या खाली ठेवून ती म्हणाली, "दाखला? काका, मी या सहा नंबरात जन्मले. माझी आजी या कालव्यावर माती वाहायला आली होती, तेव्हा तुमचा तो हॉलसुद्धा नव्हता. ती गाडीवाली आली तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही. आणि मी राहते की नाही ते तुम्ही माझ्या बादल्या मोजून ठरवणार? नको मला तो मुकुट. आणि काल ताईमावशीकडून फॉर्म मागे घेऊ नकोस असा निरोप आला तेव्हाही मी हेच म्हटलं."

रांग ऐकत होती. काकांना या गावात आजवर कुणी असं उभं-आडवं घेतलं नव्हतं, ताई सोडून. ते नळाशेजारच्या दगडावर बसले, वही गुडघ्यावर उघडली, कोऱ्या पानावर वर लिहिलं 'कालव्यापलीकडची गल्ली' आणि पेन्सिल हातात धरून रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "नंबर किती घराचा?"

नळ जाईपर्यंत ते तिथे बसले. बेचाळीस खोल्या. सहा नंबर: सात बादल्या, माणसं पाच. चार नंबरच्या आजोबांनी आपली एक बादली जास्त लिहून घेतली, उगीच, रुबाब म्हणून. जाताना फणीने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला. काकांनी पाणी प्यायलं आणि सहा नंबरसमोर लिहिलं, 'एक पेला मला.'

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी दुपारी हॉलमध्ये रंगमंचावर अध्यक्षांच्या दुकानातले सोफे लागत होते. काका वही आणि दहा फॉर्म घेऊन आले. त्यांनी सार्वजनिक नळाचं पान बाईंसमोर ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, "हे कसं चालेल? नियमात 'मीटर' लिहिलंय."

"मग एकही दाखला मिळणार नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सही माझी लागते, आणि ती मी करत नाही. दहाच्या दहा मुली बाद. उद्या तुम्ही स्वतः मुकुट घालून त्या सोफ्यावर बसा, मी टाळ्या वाजवतो!" काकांनी वहीवर थाप मारली, तशी पेन्सिल उडून सोफ्याखाली गेली. "पुरावा म्हणून मीटर मीच सांगितलं, ती माझी चूक. मी मूर्ख. लिहून घ्या तसं हवं तर. पण माझ्या मूर्खपणाच्या आड लपून तुम्ही या पोरीला बाहेर काढणार असाल तर मी घर नंबर दोनशे सातची सगळी पानं तुमच्या दुकानाच्या काचेवर चिकटवीन. तुमच्या पलंगाच्या जाहिरातीशेजारी. शून्य, शून्य, शून्य!"

ड्रॉइंगच्या बाई वाकल्या, त्यांनी सोफ्याखालची पेन्सिल काढली आणि नियमातल्या 'मीटर' या शब्दावर आडवी रेघ मारली. रेघ मारण्यात त्यांचा हात तयार होता. वर लिहिलं, 'ती रोज सकाळी जिथे पाणी भरते ते तिचं घर.' मग त्या अध्यक्षांकडे न बघता म्हणाल्या, "करा सही."

फणीशी मात्र स्वतः ताई बोलली. काय बोलली ते काकांना कळलं नाही, त्यांना त्या वेळी चहा करायला आत पिटाळलं होतं. एवढं खरं की फणी रविवारी रंगमंचावर आली.

आणि तिसरी आली. परीक्षक तिघेही बाहेरगावचे होते, यावर काका पुढे दोन दिवस घरात आपटाआपटी करत होते. मुकुट बेकरीतल्या मुलीला मिळाला. त्या दिवशी सकाळी तिचे केस फणीनेच बांधून दिले होते.

"तरी मी म्हणत होते, अंबाडा इतका चांगला घालू नकोस," ताई फणीला म्हणाली.

बेकरीवाली तिसऱ्याच दिवशी चहाला आली, सोबत गरम पाव घेऊन. दवाखान्याच्या पायऱ्या अकरा आहेत हे तिला सांगावं लागलं नाही. पावाच्या लाद्या घेऊन ती रोज त्या चढायची. ताईने उताराचं सांगताच ती म्हणाली, "कुठल्या बाजूने करायचा? उजवीकडे गटार आहे." फणी म्हणाली, "चल, दाखवते." आणि दोघी चहा अर्धा टाकून गेल्या. काका मागून धावले.

बांधकाम खात्याच्या साहेबांनी मुकुट पाहून दार उघडलं, खुर्च्या दिल्या आणि सगळं ऐकून घेऊन मान हलवली. "बघू या. तुम्ही पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात कशाला?" बेकरीवाली म्हणाली. "मी तुमच्या मागच्या गल्लीतच राहते. उद्या येते."

"परवा मी," फणी म्हणाली. "मुकुट हिच्याकडून मागून आणीन."

साहेबांनी आशेने काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," काका म्हणाले. "माझी हजेरीची सही रोज याच इमारतीत असते."

सव्वीस दिवस लागले. ताईचा विक्रम काही मोडला नाही. सव्विसाव्या दिवशी उतार घालून झाला आणि ओल्या सिमेंटवर पोती टाकून काका तिथेच पहाऱ्याला बसले. दुपारी अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. समितीच्या कार्यामुळे उतार झाला, असा फोटो त्यांना हवा होता. काकांच्या आरडाओरड्याने मागच्या मैदानावरची शाळा खिडकीशी गोळा झाली. त्या गडबडीत मागे सरताना अध्यक्षांचा एक बूट सिमेंटमध्ये घोट्यापर्यंत गेला. पाय निघाला. ठसा राहिला.

आठ दिवसांनी काका ताईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. मूठ अजून मिटलेलीच होती. दवाखान्यातल्या बाईने व्यायामाला सोमवार आणि गुरुवार दिले होते आणि आधीच सांगून ठेवलं होतं की फार उशीर झालाय, कदाचित एखादं बोट सुटेल. काका दात-ओठ खात ढकलत होते. उताराच्या मध्यावर चाक जरा आदळलं.

"हा खड्डा कुणाचा रे?" ताईने विचारलं.

"अध्यक्षांचा. आजच बुजवायला सांगतो."

"राहू दे," ताई म्हणाली. "सोमवारी आणि गुरुवारी, दोन्ही वेळा त्याच्यावरूनच ने."